हुशार लेकराला काय द्यायचं?

पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतची, दोन शिक्षकांची जिल्हा परिषद शाळा जालना जिल्ह्यातल्या खेड्यांना नवी नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एकेकाकडे दोन-तीन वर्ग येतात. त्या वर्गांत एखादं लेकरू असं असतं की गुरुजींचं गणित फळ्यावर लिहून व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं. उरलेला वेळ ते खिडकीबाहेर बघत बसतं किंवा शेजारच्याची खोडी काढतं. मागं पडलेल्या मुलांसाठी शासनाचे कार्यक्रम निघतात, आणि ते निघायलाच हवेत. पुढं गेलेल्या मुलाचं काय करायचं, हे मात्र त्या दोन शिक्षकांनीच ठरवायचं असतं.

त्यावर दोन ठाम मतं आहेत आणि मी ती इथं समोरासमोर बसवली आहेत. संवाद रचलेला आहे, त्यातली माणसंही. पण ही मतं घनसावंगीपासून जाफराबादपर्यंत कुठल्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेत ऐकू येतील. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. शिष्यवृत्तीचे जादा तास त्यांनी नोकरीभर घेतले. बाई त्यांच्याच विद्यार्थिनी, आता चौथी-पाचवीला शिकवतात. माझा कल बाईंकडे आहे, हे आधीच सांगतो. गुरुजींचं म्हणणं मात्र हलकं समजू नये.

गुरुजी : पोरी, तू लेकरांना माती कालवायला लावतेस असं ऐकलं. चांगलं आहे. पण नवोदयच्या परीक्षेत मातीवर प्रश्न येतो का?

बाई : नाही येत. ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. बुद्धिमत्तेचे चाळीस, अंकगणिताचे वीस, भाषेचे वीस. तुम्हीच घोटून घेतलं होतं.

गुरुजी : मग? अंबडच्या नवोदयात एका वर्षाला फार तर ऐंशी लेकरं घेतात. पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्यांना, एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, पुस्तकं, बारावीपर्यंतचं शिक्षण. दिवाळी झाली की ज्याचे आईबाप ऊसतोडीला निघतात, त्या लेकराच्या घरात ही एक जागा काय करते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आपला जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी राज्यानं औरंगाबादला विद्यानिकेतन काढलं ते साठच्या दशकात. पुढं नवोदय आलं, आणि देशातली पहिली दोन निघाली ती हरियाणात झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. हुशार लेकरू ओळखायचं, निवडायचं आणि त्याला उत्तम ते द्यायचं, ही वाट लोकांनी विचार करून पाडलेली आहे.

बाई : ती वाट बंद करा असं मी कुठं म्हणते? मीही त्याच वाटेनं आले. पण ती सुरू होते पाचवीच्या शेवटी. त्याआधीची पाच वर्षं त्या लेकरानं काय करायचं? आणि हजारोंनी परीक्षा दिली, ऐंशी निवडले; उरलेल्यांतली हुशार लेकरं परत माझ्याच वर्गात बसलेली असतात.

गुरुजी : त्यांना आणखी अवघड गणितं दे.

बाई : देते. दहा मिनिटांत सोडवून परत उभी राहतात. उत्तर ठरलेलं असतं ना, गुरुजी. त्यांना तिथं पोचायचं असतं, बस. मला त्यांच्यापुढं असं काहीतरी ठेवायचंय, ज्याचं उत्तर मलाही आधी ठाऊक नाही.

गुरुजी : म्हणजे प्रकल्प. माझ्या काळातही प्रकल्प होते. विज्ञान प्रदर्शनात खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, थर्माकोलचं धरण. निम्मं बापानं केलेलं, निम्मं दुकानातून आणलेलं. परीक्षक आले की लेकरू पाठ केलेलं म्हणून दाखवायचं. ज्याच्या बापाकडं पैसे, त्याचा प्रकल्प मोठा. परीक्षेत निदान पेपर सगळ्यांना सारखा असतो.

इथं गुरुजींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. प्रकल्पाच्या नावानं घरी जाणारं काम गरिबाच्या मुलाला मागं ढकलतं, आणि हुशार मुलाला मिरवायची सवय लावतं. जिल्ह्यात हे चालू आहे आणि ते थांबायला हवं. बाईही हे नाकारत नाहीत.

बाई : तसला प्रकल्प मी करत नाही. माझे दोन नियम आहेत. काम शाळेतच होणार, आणि विकत काही आणायचं नाही. मागचंच सांगते. शेततळी आता आपल्याकडं सगळीकडं झालीत. कडवंची घ्या. नव्वदच्या दशकात तिथं विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांच्या पुढाकारानं पाणलोटाचं काम उभं राहिलं. आज द्राक्ष आणि शेततळी यांसाठी ते गाव राज्याला माहीत आहे. लेकरांच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट. मी एवढंच विचारलं की तीस मीटर लांब, तीस रुंद आणि तीन खोल अशा शेततळ्यात पाणी किती मावतं?

गुरुजी : तीस गुणिले तीस गुणिले तीन. दोन हजार सातशे घनमीटर.

बाई : पाचवीच्या मुलांनी हेच लिहिलं. एका मुलीनं मात्र पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, तळ्याच्या कडा उभ्या कुठं असतात? उतरत्या असतात. मग तळाशी तीस मीटर राहीलच कसं?

गुरुजी : खरं आहे. एकास एक उतार धरला तर तळ चोवीस बाय चोवीस राहतो.

बाई : त्याचं सूत्र त्यांना येत नाही, आणि ते यायचं वयही नाही. म्हणून शाळेमागं खड्डा केला. एका मीटरला एक सेंटिमीटर. वर तीस सेंटिमीटर, तळाला चोवीस, खोली तीन. पाणी ओतलं, ते मातीनं पिऊन टाकलं. तेव्हा एकानं खताच्या रिकाम्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद आणून आत अंथरला. शेततळ्याला अस्तर का लागतं, हे मला सांगावं लागलं नाही. मग लिटरच्या बाटलीनं मोजून पाणी ओतलं. दोन लिटर आणि वर जरासं, एवढ्यात खड्डा भरला. चोख हिशेब केला तर २,१९६ घनसेंटिमीटर होतात. म्हणजे खऱ्या तळ्यात २,१९६ घनमीटर, जवळपास बावीस लाख लिटर. नुसत्या गुणाकारानं सत्तावीस लाख आले होते. पाच लाख लिटर पाणी कागदावर होतं, तळ्यात नव्हतं.

गुरुजी : आणि चौथीची लेकरं तोवर काय करत होती?

बाई : बाटल्या मोजत होती, मिलिलिटरच्या खुणा वाचत होती. त्यांचा मोजमापाचा धडा तोच. पण ती मुलगी तिथं थांबली नाही. तिला उन्हाळ्यातलं पाणी हवं होतं, ते कुठं जातं ते. आम्ही स्टीलच्या पातेल्यात पट्टी उभी केली आणि रोज एकाच वेळेला वाचायला लागलो. तळ्यातलं पाणी एक मिलिमीटर उतरलं, तर तीस बाय तीसच्या तळ्यातून नऊशे लिटर गेलं. दिवसाला आठ मिलिमीटर धरा, सात हजार दोनशे लिटर झालं. वर्ग खूश. तिनं परत हात वर केला. पातेलं उन्हानं तापतं, तळं तेवढं तापतं का? आणि पाणी खाली गेलं की तळ्याचं तोंड लहान होतं, मग पुढच्या आठवड्यात नऊशे कसे धरायचे? गुरुजी, या दोन प्रश्नांसाठीच मी हा सगळा खटाटोप केला असं समजा.

गुरुजी : प्रश्न चांगले आहेत. पण एक बजावून ठेवतो. अस्तराचा कागद शेवाळानं निसरडा होतो. आत घसरलेल्याला वर चढता येत नाही, पोहणाराही बुडतो. लेकरं काठावर न्यायची नाहीत.

बाई : नेली नाहीत. कुंपणाबाहेरून बघितलं, मापं शेतकऱ्यानं सांगितली. बाकी सगळं तीन सेंटिमीटरच्या खड्ड्यात.

गुरुजी : मग त्या पोरीच्या हातात शिष्यवृत्तीचं पुस्तक दे. ती हुशार आहे, सापडली. आता वेळ घालवू नको.

बाई : ती पाढ्यांना अडखळते, गुरुजी. तांड्यावरची आहे, घरी गोरमाटी बोलतात. चाचणीत तिचे गुण मधले. तुमच्या जादा तासाला तुम्ही तिला बसवलं असतं का? खरं सांगा.

गुरुजी : ... नसतं बसवलं.

बाई : अमेरिकेत लुईस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली अतिहुशार मुलं बुद्धिमापन चाचणीनं निवडायला घेतली आणि पुढं अनेक वर्षं त्यांचा अभ्यास केला. त्या चाचणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं बसली नाहीत. गुण कमी पडले. पुढं दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकलीला १९५६ मध्ये, अल्वारेझला १९६८ मध्ये.

गुरुजी : दोन सुटले म्हणून चाचणी टाकाऊ होत नाही.

बाई : टाकाऊ नाही, अपुरी. लांब कशाला जायचं? जांब समर्थचे राजकुमार तांगडे शेती करत नाटकं लिहितात. ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ मुंबई-पुण्यानं डोक्यावर घेतलं, आणि रंगमंचावर आपल्या जालन्याकडची मंडळी होती. माणसं बोलती करायची बुद्धी आपण चौथीत कुठल्या प्रश्नपत्रिकेनं शोधणार आहोत? चाळीस प्रश्नांत ती दिसत नाही. काम हातात दिलं की दिसते. आधी निवड आणि मग काम, हा क्रम मला उलटा वाटतो. काम सगळ्यांना द्यायचं, त्यातून निवड आपोआप होते.

जोसेफ रेन्झुली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९७७ मध्ये मांडलेली रचना बाईंच्या या म्हणण्याच्या जवळची आहे. पहिली पायरी सगळ्या वर्गाला नवा विषय दाखवण्याची. दुसरी, त्यासाठी लागणारी कौशल्यं सगळ्यांना शिकवण्याची. तिसरी पायरी ज्याला त्या विषयानं धरून ठेवलं त्याच्यासाठी: तो आपला प्रश्न घेऊन खोल उतरतो आणि खऱ्या माणसांसाठी खरं काहीतरी करतो. आपल्याकडे आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांना हेरून समाजाच्या कामाला लावण्यासाठी. तिथं निवड आधी आहे, पण निवडलेल्यांना प्रकल्पांची जोडही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही विशेष आवड किंवा गती असलेल्या मुलांना पाठ्यक्रमापलीकडचं साहित्य आणि प्रकल्पांवर चालणारी मंडळं द्यावीत असं म्हटलं आहे. कागद आपल्या बाजूनं आहे. वर्गात दोन इयत्ता आणि शिक्षक एक, ही अडचण त्या कागदानं सुटत नाही.

गुरुजी : माझी रीत सोपी होती. हुशार पोराला मॉनिटर करायचं. तो मागच्यांना शिकवतो, त्याचंही पक्कं होतं.

बाई : इथं माझा तुमच्याशी सगळ्यात मोठा वाद आहे. कधीमधी शिकवावं, त्यातून त्याला कळतं. पण रोज? माझ्या हाताखालचा बिनपगारी शिक्षक होतो तो. त्याचं शिकणं कुणाच्या हिशेबात येत नाही. वर्ग माझा आहे, मागच्यांना शिकवणं माझं काम आहे. त्याचं काम त्याचा प्रश्न.

गुरुजी : दोन इयत्ता सांभाळून तुला हे जमतं?

बाई : रोज नाही जमत. आठवड्याला दोन तासिका काढते. इतर दिवशी त्यांच्याकडं प्रश्नाची वही असते, काम संपलं की ती उघडायची.

गुरुजी : बरं, शेततळं झालं. आणखी काय? आणि गावाला त्याचा उपयोग काय?

बाई : बियाण्याची उगवण. आपलं जालना बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथं सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतकरी घरचं बियाणं वापरतो तेव्हा कृषी विभाग सांगतो, आधी शंभर दाणे तपासा. भिजवलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची, सात-आठ दिवसांनी उगवलेले मोजायचे. सोयाबीनला किमान ७० टक्के लागतात, हरभऱ्याला ८५. शेकड्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

गुरुजी : सोयाबीन तपासायचं मे महिन्यात. तेव्हा शाळेला कुलूप.

बाई : म्हणून हरभरा. रब्बीच्या पेरणीआधी, सप्टेंबरअखेरीला. गावातल्या लोकांच्या घरचा हरभरा पोरं तपासतात आणि चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. सगळी पोरं दाणे मांडतात, मोजतात. मग कुणीतरी अडतं. एकाच पोत्यातले शंभर दाणे दोनदा तपासले, एकदा ८२ उगवले, एकदा ८८. खरं कुठलं? हरभरा पेरायचा की नाही?

गुरुजी : आणखी वेळा तपासायचं आणि सरासरी काढायची.

बाई : किती वेळा? इथं लेकरू थांबतं, आणि मीही थांबते. प्रयोगशाळेत चारशे दाणे घेतात, शंभराचे चार गट. हे मी लगेच सांगत नाही. आधी त्यांनी आपला आकडा ठरवायचा आणि का ते लिहायचं. दुसऱ्या एकानं विचारलं की पोत्याच्या वरचे दाणे आणि तळचे दाणे सारखेच उगवतात का. तिसऱ्याच्या घरी कुणी म्हणालं होतं की सोयाबीनचं पोतं आपटू नये. ते खरंच आहे, त्याच्या दाण्याचं साल पातळ असतं. त्याला करून बघायचं होतं. शंभर दाणे तसेच ठेवायचे, शंभर दाणे पिशवीत घालून छपराच्या उंचीवरून फरशीवर दहादा टाकायचे, मग दोन्ही उगवायला ठेवायचे. पैसा लागत नाही, गुरुजी. गोणपाट, पाणी आणि आठ दिवस.

गुरुजी : हे मला पटलं, का ते सांगतो. चिठ्ठीवरचा आकडा चुकला तर शेतकऱ्याचं नुकसान आहे. म्हणजे इथं चूक ही चूकच आहे. प्रकल्पवाल्यांचं मला जे खटकतं ते हेच, की पोरानं काहीही केलं तरी ‘वा वा’. हुशार लेकराला वा वा फुकट मिळते, म्हणून ते बिघडतं. त्याला अडवणारं माणूस लागतं. मोजलं कसं, परत मोजलं का, खाडाखोड कुठाय, हे विचारणारं.

बाई : हे माझ्याकडून कमी पडतं. वेळ नसतो.

गुरुजी : आणि पाढे. त्या तांड्यावरच्या पोरीचा प्रश्न मोठा आहे, पण पाढ्यांत अडखळली तर ती त्या प्रश्नाच्या उत्तराला पोचणार नाही. घोटून घेणं हा शब्द तुम्हा नव्या लोकांना आवडत नाही. तरी घोटून घे. पाढे पाठ असलेला हात वेगळ्या वेगानं चालतो. आणि तिला नवोदयला बसव. मातीतून आली म्हणून परीक्षेला नको, असं करू नको.

बाई : बसवणार आहे. पण तिथं जागा मिळाली नाही, तर ती नापास झाली असं तिला वाटू नये, एवढी तयारी मला आजच करायचीय. तिच्याकडं तिची वही असली पाहिजे.

गुरुजी : मला ती वही बघायचीय.

बाई : बघाच, आणि लाल पेननं प्रश्न लिहा. उत्तरं लिहू नका. मागच्या आठवड्यात भोकरदनची गोष्ट सांगितली, त्याचंही लिहिलंय तिनं.

गुरुजी : म्हणजे जुनं भोगवर्धन?

बाई : हो. तिथं १९७३ च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती निघाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली, सन ७९ च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या शहरात. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांतही भोगवर्धनची माणसं आहेत. मी वर्गाला विचारलं, केळना नदीकाठच्या गावातल्या मूर्तीसारखी मूर्ती समुद्रापलीकडं कशी गेली असेल? सगळ्यांनी लिहिलं, व्यापारी घेऊन गेला. तिनं आणखी दोन शक्यता लिहिल्या. कारागीरच एका गावातून दुसऱ्या गावाला फिरत असेल. किंवा मूर्ती तिसऱ्याच ठिकाणी घडवून दोन्हीकडं विकल्या असतील. आणि खाली लिहिलं, यातलं खरं कुठलं ते कळायला काय सापडायला पाहिजे?

गुरुजी : दहा वर्षांची पोर?

बाई : दहा वर्षांची.

संवाद मी इथं थांबवतो, कारण पुढचं काम बोलण्याचं नाही. माझं मत असं. प्राथमिक शाळेतल्या हुशार मुलाला वेगळा वर्ग किंवा वेगळी इमारत नसली तरी चालेल. त्याला उघडा प्रश्न हवा, तो गावातला हवा, आणि सगळ्या वर्गानं त्याला हात लावल्यावर खोल जायची मुभा त्याला हवी. गुरुजींची अटही मला मान्य आहे. त्या कामाला कसोटी हवी, आणि कसोटी लावणारं मोठं माणूस हवं. ते माणूस दोन शिक्षकी शाळेत नोकरीवर मिळणार नाही. निवृत्त शिक्षक, कृषी सहायक, बँकेतून निवृत्त झालेला कारकून, हिशेब चोख ठेवणारी बचत गटाची अध्यक्ष, अशी माणसं मात्र प्रत्येक गावात आहेत. आठवड्याचा एक तास त्यांच्याकडे निघू शकतो.

म्हणून जिल्ह्यातल्या वाचकांना दोन विनंत्या. घरचा हरभरा पेरणार असाल, तर सप्टेंबरअखेरीला त्यातले चारशे दाणे एका पिशवीत घालून, वर पोत्याची खूण लिहून गावच्या शाळेत द्या आणि मुलांनी दिलेला आकडा गंभीरपणे वाचा. आणि तुम्ही निवृत्त शिक्षक असाल, तर मुख्याध्यापकांना भेटून एका मुलाची वही तपासायला मागून घ्या.